शिशाला पर्याय शोधणारा एडिसन

नौपाड्यात साधी चारचाकी उभी करायला जागा मिळाली तरी माणूस खूश होतो. तिथे चाकांवरचे अख्खे घर कुठे उभे करणार, हा प्रश्न रास्तच आहे. तरीही गोखले रोडच्या गजबजाटातून बाहेर पडावे, शेगडी आणि अंथरूण-पांघरूण बरोबर घ्यावे आणि आठ-पंधरा दिवस वाट फुटेल तिकडे जावे, असे अनेकांना वाटते. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यानंतर भाड्याने गाडी घेण्याची किंवा जुनी टेम्पो ट्रॅव्हलर बांधून घेण्याची चर्चा वाढली. अशा गाडीत बसायच्या बाकाखाली एक जडशीळ बॅटरी असते. इंजिन बंद असताना दिवे, पंखा, पाण्याचा पंप आणि छोटा फ्रिज तिच्यावर चालतो. आजवर ही बॅटरी शिशाची असे. आता ती काढून लिथियमची बसवावी का, हा प्रश्न गाडीवाल्यांना पडतो, आणि गॅलरीत इन्व्हर्टर ठेवणाऱ्या घरांनाही.

गाडीतले शिसे हटवण्याचा ध्यास सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाने घेतला होता. त्यासाठी त्याने आयुष्याची दहा वर्षे आणि मोठी रक्कम घातली. त्यात तो तोंडघशी पडला, सावरला आणि अखेर यशस्वीही झाला; पण ते यश हाती आले तेव्हा बाजार पुढे निघून गेला होता. त्याचे नाव थॉमस अल्वा एडिसन. विजेचा दिवा आणि फोनोग्राफ यांमुळे तो शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. बॅटरीशी त्याने दिलेली झुंज मात्र फारशी सांगितली जात नाही. बॅटरी बदलू पाहणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडेल असे बरेच काही तिच्यात आहे.

रेल्वेतला मुलगा

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील मिलान या गावी झाला. सात भावंडांतला तो धाकटा. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. पुढे कुटुंब मिशिगन राज्यातील पोर्ट ह्यूरन येथे राहायला गेले. शाळेत तो फार काळ टिकला नाही. एकेकाळी शिक्षिका असलेल्या आईनेच त्याला घरी शिकवले. बाराव्या वर्षी तो पोर्ट ह्यूरन ते डेट्रॉइट या रेल्वेगाडीत वर्तमानपत्रे आणि खाऊ विकू लागला. सामानाच्या डब्यातल्या एका कोपऱ्यात त्याने रसायनांच्या बाटल्या मांडून छोटी प्रयोगशाळाच थाटली होती. तिथे एकदा आग लागली आणि त्याला गाडीतून उतरवण्यात आले, असे सांगतात. लहानपणापासूनच त्याला कमी ऐकू येत असे आणि वयाबरोबर ते आणखी कमी होत गेले.

१८६२ साली एका स्टेशनमास्तरच्या मुलाला त्याने रुळांवरून वेळेत उचलले. त्या उपकाराची फेड म्हणून स्टेशनमास्तरने त्याला तारायंत्राचे काम शिकवले. त्या काळी तारायंत्र चालायचे ते काचेच्या बरण्यांतल्या ओल्या बॅटऱ्यांवर. वीज म्हणजे बरणीतले आम्ल आणि त्यात बुडवलेले धातू, अशी एडिसनची पहिली ओळख झाली. लुइव्हिल शहरात रात्रपाळी करताना तो फावल्या वेळात बॅटऱ्यांवर प्रयोग करी. एका रात्री गंधकाम्ल सांडले, फळ्यांच्या फटींतून झिरपले आणि खालच्या मजल्यावरच्या साहेबाच्या टेबलावर टपकले. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली.

पुढची कहाणी परिचित आहे. १८७६ मध्ये मेन्लो पार्कची प्रयोगशाळा, १८७७ मध्ये फोनोग्राफ, १८७९ मध्ये दीर्घकाळ जळणारा विजेचा दिवा आणि १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचे वीजकेंद्र. १८८७ मध्ये त्याने न्यू जर्सीतील वेस्ट ऑरेंज येथे मोठी प्रयोगशाळा उभारली. या सगळ्या वर्षांत पुन्हा पुन्हा चार्ज करता येणाऱ्या बॅटरीबद्दल त्याचे मत अगदी वाईट होते. १८८३ मध्ये तर त्याने जाहीरपणे तिची आणि तिच्या नावावर शेअर विकणाऱ्या कंपन्यांची खिल्ली उडवली होती. तोच माणूस सोळा वर्षांनी त्याच बॅटरीच्या मागे लागला.

शिशाचे ओझे

शिशाची बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते याने १८५९ मध्ये तयार केली. एका पट्टीवर शिसे, दुसरीवर शिशाचा ऑक्साइड आणि दोन्ही पातळ गंधकाम्लात बुडवलेल्या. वीज वापरली जाते तसे दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट जमते आणि आम्ल पातळ होत जाते. चार्जिंग केले की हे सारे उलट होते. १८८१ मध्ये कामिय फोर याने पट्ट्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देण्याची पद्धत काढली आणि ही बॅटरी कारखान्यात बनवणे सोपे झाले.

ती स्वस्त होती आणि एका दमात भरपूर वीज देत असे. पण ती जड होती. पूर्ण उतरलेल्या अवस्थेत तशीच ठेवली तर सल्फेटचे खडे घट्ट होतात आणि तिची ताकद कायमची घटते. महिनाभर गावी जाऊन आल्यावर इन्व्हर्टरची बॅटरी बसलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. त्यातच आम्ल आजूबाजूचे लोखंड खाते, आणि चार्ज होताना हायड्रोजन वायू बाहेर पडतो.

१९०० च्या सुमारास मोटारींचे भवितव्य ठरलेले नव्हते. त्या वर्षी अमेरिकेत बनलेल्या सुमारे चार हजार गाड्यांपैकी दीड हजारांहून अधिक विजेवर चालणाऱ्या होत्या. पेट्रोलच्या गाड्या त्यांहून कमी होत्या. विजेची गाडी शांत, धूर नसलेली आणि चालवायला सोपी. तिची एकच अडचण होती, ती म्हणजे शिशाची बॅटरी. एडिसन त्या वेळी मोठ्या अपयशातून बाहेर येत होता. लोहखनिज वेगळे करण्याच्या उद्योगात त्याची बरीच संपत्ती बुडाली होती. वय बावन्न. १८९९ मध्ये त्याने नवे काम हाती घेतले. हलकी, टिकाऊ, धक्के सोसणारी आणि शिसे व आम्ल दोन्ही नसलेली बॅटरी त्याला बनवायची होती.

परत बोलावलेल्या बॅटऱ्या

आम्लाऐवजी त्याने अल्कली निवडली. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात तांबे, कॅडमियम, कोबाल्ट असे अनेक धातू तपासून तो निकेल आणि लोखंडापाशी थांबला. त्याच सुमारास स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर हा संशोधकही निकेलच्या अल्कली बॅटऱ्यांवर काम करत होता आणि दोघांमध्ये पेटंटवरून वाद झाले. एडिसनच्या सहकाऱ्यांनी हजारो प्रयोग केले. निष्फळ ठरलेल्या हजारो प्रयोगांनीही काहीतरी शिकवलेच, अशा अर्थाची एडिसनची एक गोष्ट दिव्याच्या संदर्भात सांगितली जाते. तिची सर्वांत जुनी छापील नोंद आहे ती बॅटरीच्या प्रयोगांबद्दल.

१९०३ च्या सुमारास बॅटरी बाजारात आली. त्याआधीच एडिसनने वर्तमानपत्रांतून तिची मोठी स्तुती करून ठेवली होती. सुरुवातीला गिऱ्हाईक खूश होते. मग तक्रारी येऊ लागल्या. डब्यांच्या सांध्यांतून द्रावण गळत होते आणि काही महिन्यांत अनेक बॅटऱ्यांची ताकद कमी होत होती. निकेलच्या चूर्णात वीज वाहावी म्हणून मिसळलेले ग्राफाइट आतल्या आत बिघडत होते. प्रयोगशाळेतल्या चाचणीत जे दिसले नव्हते, ते रस्त्यावरच्या खड्ड्यांनी आणि रोजच्या वापराने दाखवून दिले.

एडिसनने १९०४ मध्ये उत्पादन थांबवले आणि विकलेल्या बॅटऱ्या परत घेतल्या. विक्री चालू ठेवून सुधारणा करत राहण्याचा मार्ग त्याला मोकळा होता. तो त्याने घेतला नाही. त्याच वर्षी त्याला आणखी एक धक्का बसला. क्ष-किरणांच्या प्रयोगांत वर्षानुवर्षे काम केलेला त्याचा सहकारी क्लॅरन्स डॅली किरणांच्या दुष्परिणामांनी मरण पावला. एडिसनने क्ष-किरणांचे काम त्याआधीच सोडून दिले होते.

पुढची पाच-सहा वर्षे बॅटरी उलगडून पुन्हा रचण्यात गेली. ग्राफाइट काढून टाकले. त्याऐवजी निकेलच्या अत्यंत पातळ पापुद्र्यांचे शेकडो थर बारीक भोके असलेल्या पोलादी नळ्यांत दाबून भरायची पद्धत काढली. डबे वितळजोडाने पक्के बंद केले. बॅटऱ्या यंत्रांवर आदळून, हादरवून आणि गाड्यांत घालून खराब रस्त्यांवरून पळवून पाहिल्या. एक बदल तर आजच्या वाचकाला दचकवणारा आहे. द्रावणात थोडे लिथियम हायड्रॉक्साइड घातले की निकेलच्या पट्टीची क्षमता वाढते आणि जास्त काळ टिकते, असे एडिसनला आढळले. १९०८ मध्ये त्याचे पेटंटही त्याला मिळाले. गाडीच्या बॅटरीत शिशाला बाजूला सारताना लिथियमची मदत घेणारा पहिला मोठा प्रयत्न असा एडिसनचाच. अर्थात त्याच्या बॅटरीत लिथियम मिठाच्या चिमटीएवढे होते आणि आजच्या लिथियम बॅटरीचे रसायन पूर्णपणे वेगळे आहे.

१९१० पर्यंत नवी बॅटरी तयार झाली. ती उतरलेल्या अवस्थेत महिनोन्महिने पडली तरी बिघडत नसे. चुकून जास्त चार्ज झाली तरी सोसत असे. नीट वापरली तर अनेक वर्षे चाले.

उशिरा आलेले यश

तरीही ती शिशाच्या जागी सहज बसणारी नव्हती. शिशाच्या एका सेलचा दाब सुमारे २ व्होल्ट, तर एडिसनच्या सेलचा १.२ व्होल्ट. जिथे शिशाचे सहा सेल पुरत, तिथे याचे दहा लागत. चार्ज करण्याचा दाब वेगळा, त्यामुळे जुना चार्जर कामाचा नाही. थंडीत ती ढेपाळे. नुसती ठेवली तरी हळूहळू उतरत असे, आणि चार्ज होताना बराच हायड्रोजन सोडत असे. शिवाय किंमत जास्त. डेट्रॉइट इलेक्ट्रिकसारख्या कंपन्यांनी जादा पैसे घेऊन ती आपल्या गाड्यांत दिली. माल पोहोचवणाऱ्या विजेच्या गाड्यांतही ती उत्तम चालली.

मात्र या दहा वर्षांत पेट्रोलची गाडी पुढे गेली होती. १९०८ मध्ये हेन्री फोर्डची स्वस्त मॉडेल टी आली. पेट्रोलच्या गाडीचा मोठा जाच म्हणजे हँडल मारून इंजिन चालू करणे. त्यात हात मोडत. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगने बनवलेला विजेचा स्टार्टर आला आणि तो जाच संपला. स्टार्टरला क्षणभर प्रचंड प्रवाह लागतो. तो द्यायला एडिसनची बॅटरी अनुकूल नव्हती, शिशाची होती. ज्या शिशाला गाडीतून काढायचे होते, ते पेट्रोलच्या गाडीत कायमचे जाऊन बसले. आजही बहुतेक गाड्यांच्या बॉनेटखाली तेच आहे.

फोर्ड हा एडिसनचा जवळचा मित्र. एकेकाळी तो डेट्रॉइटमध्ये एडिसनच्याच नावाच्या वीजकंपनीत नोकरीला होता. १८९६ मध्ये दोघांची भेट झाली तेव्हा पेट्रोलच्या गाडीची कल्पना ऐकून एडिसनने त्याला उत्तेजन दिले होते. १९१४ मध्ये फोर्डने एडिसनच्या बॅटरीवर चालणारी स्वस्त गाडी काढण्याचे जाहीर केले. ती कधीच आली नाही. गंमत म्हणजे फोर्डची पत्नी क्लारा स्वतः विजेची गाडी चालवत असे.

खाणीतला दिवा, पाणबुडीतला स्फोट

बॅटरीला तिची जागा दुसरीकडे मिळाली. रेल्वेच्या डब्यांतले दिवे, सिग्नल आणि कारखान्यांतल्या गाड्यांसाठी तिची मागणी वाढली. आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा ठरला तो खाणकामगारांच्या टोपीवरचा दिवा. कोळशाच्या खाणीत उघड्या ज्योतीने वायूचा भडका उडून माणसे मरत. एडिसनने कमरेला बांधायची बॅटरी आणि टोपीवरचा विजेचा दिवा तयार केला. तो एका पाळीभर पुरत असे. त्याने असंख्य कामगारांचे जीव वाचवले.

पाणबुडीत मात्र उलटे घडले. शिशाच्या बॅटरीत समुद्राचे पाणी शिरले तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. त्यावर उपाय म्हणून एडिसनच्या बॅटऱ्या पाणबुडीत घालाव्यात, असा प्रयत्न सुरू झाला. अमेरिकी नौदलाची ई-२ ही पाणबुडी न्यूयॉर्कच्या गोदीत होती. १५ जानेवारी १९१६ रोजी तिच्यात भीषण स्फोट झाला. काही माणसे जागीच ठार झाली आणि अनेक जखमी झाली. बॅटऱ्यांतून निघालेला हायड्रोजन बंद जागेत साचला होता. दोष बॅटरीचा की हवा खेळती न ठेवणाऱ्यांचा, यावर मोठा वाद झाला. क्लोरीनचा धोका टाळण्यासाठी आणलेल्या बॅटरीने हायड्रोजनचा धोका वाढवला होता. तो वायू बाहेर काढण्याची सोय त्या मानाने केलेली नव्हती.

रानातले दिवे

याच वर्षांत एडिसन, फोर्ड, टायर कंपनीचे मालक हार्वे फायरस्टोन आणि निसर्गलेखक जॉन बरोज मोटारींचा ताफा घेऊन रानावनात मुक्कामाला जाऊ लागले. १९२४ पर्यंत अशा अनेक सहली झाल्या. १९२१ च्या सहलीत राष्ट्राध्यक्ष वॉरन हार्डिंगही सामील झाले. ताफ्यात स्वयंपाकाची गाडी असे आणि तंबू असत. रात्री तंबूंत आणि जेवणाच्या टेबलावर विजेचे दिवे लागत, ते एडिसनच्या बॅटऱ्यांवर. आजच्या मोटरहोममध्ये जे केले जाते, त्याचाच हा जुना अवतार. रस्त्यात मोटारीच्या बॅटरीने फक्त इंजिन चालू करायचे आणि मुक्कामी दिव्यांना वेगळी बॅटरी पुरवायची, ही विभागणी आजही तशीच आहे.

१९१४ च्या डिसेंबरमध्ये वेस्ट ऑरेंजच्या कारखान्याला लागलेल्या आगीत अनेक इमारती जळाल्या होत्या. तेव्हा एडिसन सदुसष्ट वर्षांचा होता. त्याने लगेच पुन्हा बांधकाम सुरू केले. तोवर बॅटरी हा त्याच्या भरवशाच्या धंद्यांपैकी एक झाला होता. मधुमेह आणि त्यातून उद्भवलेल्या विकारांनी १८ ऑक्टोबर १९३१ रोजी त्याचे निधन झाले. वय चौऱ्याऐंशी. नावावर अमेरिकेची १०९३ पेटंटे. अंत्यविधीच्या रात्री अमेरिकेत अनेक ठिकाणी मिनिटभर दिवे मंद करण्यात आले. त्याच्या पद्धतीची निकेल-लोखंड बॅटरी पुढे १९७० च्या दशकापर्यंत अमेरिकेत बनत राहिली.

आज बॅटरी बदलताना

शिशाला खरा प्रतिस्पर्धी मिळायला आणखी बराच काळ गेला. १९९१ मध्ये सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. १९९७ मध्ये अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी या भारतीय संशोधकांच्या सहभागाने लिथियम आयर्न फॉस्फेट या पदार्थावरचे काम प्रसिद्ध झाले. मोटरहोममध्ये आणि घरातल्या इन्व्हर्टरला आज जी लिथियम बॅटरी सुचवली जाते ती बहुधा याच प्रकारची. तिच्या नावात लिथियम आहे आणि लोखंडही. एडिसनच्या डब्यात हे दोन्ही होते.

फायदा किती, ते हिशेबाने पाहता येते. समजा, गाडीतला छोटा फ्रिज सरासरी २ ॲम्पिअर घेतो. दिवसाचे ४८ ॲम्पिअर-तास झाले. पंखा रात्री आठ तास चालला तर १६, दिव्यांना ६, पंप आणि मोबाइलला १० धरा. एकूण ८० झाले. शिशाची बॅटरी टिकवायची तर तिची निम्मीच वीज वापरावी, असा संकेत आहे. म्हणजे १६० ॲम्पिअर-तासांची बॅटरी हवी आणि तिचे वजन चाळीस किलोंच्या पुढे जाते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीची ८० टक्के वीज निर्धास्त वापरता येते. त्यामुळे १०० ॲम्पिअर-तासांची पुरते आणि तिचे वजन साधारण बारा किलो. शिशाची बॅटरी खोलवर वापरली तर काहीशे वेळा चार्ज-उतार सोसते. ही काही हजार वेळा सोसते. पाणी घालायचे नाही आणि नेहमीच्या वापरात वायूही सुटत नाही.

पण एडिसनला जे शिकायला दहा वर्षे लागली, ते इथेही लागू आहे. नवी बॅटरी आली की तिच्याभोवतीचे बरेच काही बदलावे लागते.

पहिली गोष्ट चार्जर. शिशाच्या बॅटरीचे काही चार्जर मधूनमधून जाणूनबुजून दाब वाढवतात, म्हणजे सल्फेट सुटावे. लिथियमला तो दाब घातक. म्हणून लिथियमसाठीची जुळवणी असलेला चार्जर हवा. सौर पॅनेलच्या कंट्रोलरलाही हेच लागू.

दुसरी गोष्ट इंजिनवरचा अल्टरनेटर, गॅरेजच्या भाषेत डायनामो. लिथियम बॅटरी उतरलेली असली की मिळेल तेवढा प्रवाह ओढून घेते. तासन्‌तास पूर्ण जोराने चाललेला डायनामो तापून जळू शकतो. मध्ये डीसी ते डीसी चार्जर बसवला की प्रवाहाला लगाम बसतो. बॅटरीतल्या देखरेख यंत्रणेने, म्हणजे बीएमएसने, चार्जिंग अचानक तोडले तर डायनामोला बसणारा झटकाही त्याने टळतो. इंजिन चालू करणारी शिशाची बॅटरी मात्र तशीच राहू द्यावी.

तिसरी गोष्ट तापमान. शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज केली तर आत लिथियमचा धातू साचतो आणि बॅटरी कायमची बिघडते. ठाण्यात हा प्रश्न येणार नाही. लडाख किंवा स्पितीच्या पहाटे येईल. तिथे सूर्य वर आल्यावरच चार्जिंग करावे, किंवा थंडीत चार्जिंग आपोआप थांबवणारी बॅटरी घ्यावी. ठाण्यात अडचण उलटी. मे महिन्यात उन्हात बंद उभ्या गाडीच्या आत पारा पन्नासच्या वर जाऊ शकतो. सततच्या उष्णतेने आयुष्य घटते. इंजिनाजवळ ही बॅटरी ठेवू नये.

चौथी गोष्ट आग. लिथियम आयर्न फॉस्फेट हा लिथियमच्या इतर प्रकारांपेक्षा बराच सुरक्षित आहे. पण तारा एकमेकींना चिकटल्या तर एवढ्या साठलेल्या विजेने वायरी पेटायला क्षण पुरतो. बॅटरीच्या अगदी जवळ योग्य क्षमतेचा फ्यूज असावा. फुगलेली, चेपलेली किंवा बीएमएस नसलेली बॅटरी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. शिशाचीच ठेवायची असेल, तर ती झोपायच्या जागेखाली कोंडून न ठेवता तिचा वायू बाहेर जाईल अशी सोय करावी. हवेत हायड्रोजन चार टक्के झाला की ठिणगीने पेटतो. आम्ल अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

या सगळ्यात विसरली जाते ती काढून टाकलेली जुनी बॅटरी. शिसे शरीरात गेले की रक्त, मूत्रपिंड आणि मेंदूवर परिणाम करते. लहान मुलांची बुद्धी आणि वाढ त्याने खुंटते आणि याची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही. युनिसेफच्या २०२० मधील अहवालानुसार जगातील दर तीन मुलांपैकी एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंता करण्याइतके होते. त्यामागच्या मोठ्या कारणांत एक म्हणजे जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून, भट्टीत वितळवून शिसे काढणे. नीट कारखान्यात गेली तर हीच बॅटरी जवळजवळ पूर्णपणे पुन्हा वापरात येते. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या, मग त्या शिशाच्या असोत वा लिथियमच्या, गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. त्यामुळे जुनी बॅटरी दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला शंभर-दोनशे रुपये जास्त मिळतात म्हणून देऊ नये; नवी घेताना विक्रेत्याकडेच जमा करून पावती घ्यावी.

एडिसनने आपल्या सदोष बॅटऱ्या परत घेतल्या होत्या, तेव्हा त्याला तसे करायला भाग पाडणारा असा कोणताही नियम नव्हता. नौपाड्यातल्या एखाद्या गाडीच्या बाकाखालून चाळीस किलोंचे शिसे निघेल आणि बारा किलोंचा डबा तिथे बसेल, तेव्हा गाडी हलकी होईल हे खरे. निघालेले शिसे कुणाच्या अंगणात जाते, ते त्या दिवशी विचारून ठेवलेले बरे.